व्हेटस्टोनच्या घरातली लपायची खोली

४ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! डेट्रॉइटपासून एकटीने गाडी हाकली, आणि शेवटचं वळण घेतल्यावर खाली ओहायो नदी अशी काही लखलखली की मी चक्क मोठ्याने गायला लागले. दोन्ही काठांवर मेपलची झाडं लालभडक. पलीकडे केंटकीच्या टेकड्या, अलीकडे हे कॅलव्हर्ट्स लँडिंग. एक रस्ता, दोन चर्चं, बंद पडलेला बुटांचा कारखाना आणि माझं संग्रहालय. माझं! आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली राहून मूर्ख माणसांची भाषणं लिहून दिली. आता दारावरच्या पाटीवर माझं नाव लागणार: व्हर्लीन टॉलिव्हर, संचालक.

घर विटांचं, दुमजली, नदीकडे तोंड करून उभं. पलीकडच्या केंटकीत गुलामगिरी होती; तिथून पळालेली माणसं नदी ओलांडून इथे यायची आणि इथून पुढे उत्तरेला, कॅनडाकडे जायची, अशी या घराची ख्याती. वरच्या दोन खोल्या मला राहायला दिल्यात. खिडकीतून नदी दिसते. टेबलावर कुणीतरी रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेला ‘पाय’ ठेवून गेलं होतं. अर्धा उभ्या उभ्याच खाल्ला. चांगला होता. उद्या संग्रहालय बघते.

५ ऑक्टोबर

बघितलं. हसावं की रडावं?

पुतळे आधी. कुठल्यातरी बुडालेल्या कपड्यांच्या दुकानातून आणलेत आणि तपकिरी रंगाने रंगवलेत. पळून आलेल्या आईच्या पुतळ्याचा एक हात कमरेवर, मान तिरकी. दुकानात ही बाई पोहण्याचा पोशाख दाखवत होती, आता तिच्या अंगावर गोणपाट घातलंय, एवढंच. याउलट घराचे मालक रेव्हरंड इनॉक व्हेटस्टोन खास करवून घेतलेले, मेणाचे, हातात कंदील, डोक्यावर बल्ब सोडलेला. खाली पाटी: ‘या पुण्यात्म्याने शेकडो जिवांना स्वातंत्र्य दिले.’ दिले म्हणे. खिशातून काढून दिलं असेल, सुटे पैसे देतात तसं.

विक्रीच्या कपाटात कंदिलाच्या आकाराचे साबण आणि ‘स्वातंत्र्याची बर्फी’ म्हणून चॉकलेटचे तुकडे.

नोकरवर्ग म्हणजे मिस ऑर्फा गँट. सत्तरीची, माझ्यासारखीच कृष्णवर्णीय, जन्म याच गावातला, डोक्यावर जांभळी हॅट. कालचा रताळ्याचा ‘पाय’ तिनेच केलेला. गाइड तीच, झाडूवाली तीच, तिकीटवाली तीच. इतिहास असा सांगते की जणू तेव्हा दाराआड उभी होती. मला पहिल्या पाच मिनिटांत ‘बाळ’ म्हणायला लागली. मी चाळिशी कधीच ओलांडली आहे.

तिचा हातखंडा प्रयोग म्हणजे लपायची खोली. स्वयंपाकघरात चुलाण्याच्या मागे एक जाड फळ्यांचं दार, आत बिनखिडकीची खोली, माणूस उभा राहील पण हात पसरता येणार नाहीत अशी. मिस ऑर्फा पाहुण्यांना आत कोंबते, दार लावते, दिवा घालवते. थोड्या वेळाने दार उघडून हात पसरते आणि म्हणते, “या, तुम्ही मुक्त झालात!” आणि लोक टाळ्या वाजवतात. मी कोपऱ्यात उभी होते, जमीन दुभंगेल तर बरं असं वाटत.

९ ऑक्टोबर

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हॉलिस व्हेटस्टोन यांच्याकडे जेवायला गेले. रेव्हरंडांचे पणतू. ऐंशीचे, काटकुळे, गळ्यात बो टाय, आवाज इतका हळू की माणसाने पुढे वाकून ऐकावं. ही युक्तीच असणार. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, त्यांच्या पणजोबांनी ‘तुमच्या लोकांसाठी’ काय काय सोसलं. ‘तुमचे लोक’ हा शब्द जेवण होईपर्यंत किती वेळा आला ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवयांवर घातलेली ती ‘चिली’, म्हणजे दालचिनी घातलेला खिम्याचा रस्सा, खाल्ली. इथले लोक तिला जेवण म्हणतात.

मी बदलांची यादी सांगितली. पुतळे काढायचे, पाट्या नव्याने लिहायच्या, साबण बंद. ते मान डोलवत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले की पणजोबांना हात लावू नका. जणू म्हातारा अजून स्वयंपाकघरात बसलाय.

१८ ऑक्टोबर

आज टोलिडोहून एक निवृत्त बसचालक बायकोबरोबर आला होता. दारात मावणार नाही एवढा गडी. लपायच्या खोलीतून बाहेर आला तो घळाघळा रडत. मी म्हटलं, झालं, मिस ऑर्फाच्या नाटकाला अजून एक गिऱ्हाईक. पण तो मला बाजूला घेऊन विचारायला लागला की आत बसवलेल्या त्या बाईला पगार किती देता. कोणत्या बाईला? तर म्हणे, त्याच्या बाजूला एक बारकी बाई अंग चोरून उभी होती. त्याने पाय हलवला की ती स्वतः सरकून त्याला जागा करून देत होती. त्याची बायको म्हणाली, आपण दोघंच होतो रे.

मी मिस ऑर्फाला झाडलं. म्हटलं, हे भाड्याने माणसं आणून आत बसवायचे धंदे माझ्या संग्रहालयात चालणार नाहीत. तिने आपल्या आईची शपथ घेतली. म्हणाली, “बाळ, मी तिकिटं फाडू का आत बाया उभ्या करू? जागाच तशी आहे. लोकांना जाणवतं.” जाणवतं म्हणे! अंधारात चार श्वास कोंडले की माणसाला स्वतःची आजीसुद्धा भेटते.

२ नोव्हेंबर

पुतळे गेले. ट्रकवाल्याने त्यांना एकावर एक रचलं तेव्हा मिस ऑर्फा खिडकीत पाठ फिरवून उभी होती. तिने प्रत्येकाला एक नाव दिलं होतं, हे मला आज कळलं. कमरेवर हातवाली ‘डेलिया’. मला हसू आवरेना.

आता लपायची खोली. आतल्या भिंतींना चुन्याचे थर आहेत, एकावर एक. नीट दिवे लावायचे तर आधी चुना काढायला हवा. उद्यापासून मीच करते. माणूस लावला तर तोही एक गोष्ट घेऊन बाहेर येईल.

६ नोव्हेंबर

दाराच्या बाहेरच्या बाजूला ‘शांतपणे आत या’ अशी एक ओबडधोबड लाकडी पाटी स्क्रूने बसवलेली होती. ती काढली. खाली लोखंडी कडी आहे. सरकती, मनगटाएवढी जाड, गंजून जागीच बसलेली. दाराला जे घडीव खिळे, तेच कडीला. म्हणजे दार आणि कडी एकाच वेळची.

मग मी दाराची आतली बाजू बघितली. आतून कडी नाही. मूठ नाही. बोट घालायला खाचसुद्धा नाही.

लपायच्या खोलीला बाहेरून कडी कशाला?

७ नोव्हेंबर

चुना निघतोय. दाराच्या आतल्या फळ्यांवर, अगदी खाली जमिनीलगत, जिथे फटीतून थोडा उजेड येतो तिथे, ओरखडे आहेत. बारीक, एकमेकांशेजारी चार चार. काही मोठ्या हाताचे. काही फार लहान हाताचे.

मी स्वयंपाकघरात येऊन बसले. कॉफी केली ती तशीच गार झाली.

सरळ आहे. वरच्या खिडकीत, म्हणजे माझ्याच खिडकीत, दिवा लागायचा. नदी ओलांडून माणसं दिव्याकडे यायची. रेव्हरंड दार उघडायचा, गरम सूप पाजायचा, म्हणायचा लपा, आणि कडी घालायचा. मग पलीकडे निरोप. केंटकीतून पळालेल्या गुलामांना पकडणारे होडी घेऊन येणार, बक्षिसातला वाटा देणार, माणसं घेऊन जाणार. अधूनमधून एखाद्याला खरोखर पुढे पाठवत असेल, नाव टिकायला. शेकडो जिवांचा पुण्यात्मा! आणि आम्ही दीडशे वर्षं त्याच्या नावाचे साबण विकतोय.

खरं सांगू? मला आनंद झाला. एवढा मोठा शोध माझ्या हातून.

९ नोव्हेंबर

हॉलिसना दाखवलं. ते खोलीच्या दारातच थांबले, आत आले नाहीत. मग त्या हळू आवाजात म्हणाले, कडी म्हणजे पकडणाऱ्यांना फसवण्याची युक्ती. बाहेरून बंद दिसलं की त्यांना वाटावं सरपणाची कोठी आहे. ओरखडे उंदरांचे.

उंदरांचे! मी म्हटलं, मिस्टर व्हेटस्टोन, तुमच्या घराण्यातल्या उंदरांना बोटं असतील. ते लाल झाले नाहीत, चिडले नाहीत. माझ्याकडे बघून हसले, मुलाने बशी फोडल्यावर हसतात तसं. म्हणाले, “मिस टॉलिव्हर, या गावात तुम्हाला दुसरं कोण ओळखतं?”

धमकी द्यायची तर नीट द्यावी. हेही जमत नाही या लोकांना.

१४ नोव्हेंबर

मिस ऑर्फाला सांगावं लागलं. तिने हॅट काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “मी वीस वर्षं पोरांना सांगितलं की एक रात्र अशी होती, आणि कुणीतरी दार उघडलं. आता काय सांगू? दार लावलं म्हणून सांगू?”

मी म्हटलं, होय, तेच सांगायचं, कारण तेच घडलं. ती माझ्यावरच उलटली, म्हणाली की तुला खऱ्याशी देणंघेणं नाही, तुला फक्त दुसऱ्याच्या थोबाडीत मारायला खरं हवं असतं. तव्यासारखी तापली होती. मी बोलू दिलं. भाबड्या माणसांचा देव काढून घेतला की ती असंच करतात.

२० नोव्हेंबर

हिवाळ्यात बंद राहून वसंतात संग्रहालय पुन्हा उघडेल तेव्हा सगळं जाहीर करायचं, ठरलं. वर्तमानपत्रवाले बोलवीन. कडीचा गंज काढला, तेल दिलं. आता लोण्यासारखी सरकते. प्रदर्शनाची मुख्य वस्तू तीच.

आज लिहिता लिहिता एक मनात आलं, ते इथे लिहिते, दुसरीकडे लिहिता येणार नाही. मला त्या लोकांचाही राग येतो. कुत्र्यांना चकवून, दलदलीतून, उपाशी, नदी पार करून आलात. आणि पहिल्या दिव्याला भुललात? कुणीतरी गोड बोललं, वाटीभर सूप दिलं, की गेलात आपल्या पायांनी कपाटात? एकालाही दाराची आतली बाजू बघावीशी वाटली नाही? मी असते तर पहिली नजर कडीवर गेली असती. इतकं साधं कसं असावं माणसाने!

२१ नोव्हेंबर

सकाळी स्वयंपाकघरात होते. आतून ठोठावल्याचा आवाज आला.

दार उघडलं. कुणी नाही. खोली गरम होती. बाहेर गोठवणारी थंडी, चुलाणं विझलेलं, आणि आत गर्दीने भरलेल्या बसमध्ये असते तशी ऊब. ओल्या लोकरीचा वास.

घराच्या नळ्या जुन्या आहेत. थंडीत वाजतात.

२५ नोव्हेंबर

रोज वाजतं. सकाळी, दुपारी, भर उजेडात. जोरात नाही. बोटांच्या पेरांनी, हळू, शेजाऱ्याकडे विरजण मागायला आलेल्या बाईसारखं. मी उघडलं की थांबतं, लावलं की पुन्हा. नळवाल्याने येऊन बघितलं. म्हणाला, त्या भिंतीत नळीच नाही. असले कारागीर मिळतात इथे.

३ डिसेंबर

आज मिस ऑर्फाने मला पकडलं. म्हणजे, पकडण्यासारखं काही नव्हतं. ठोठावणं चालू होतं, मला पाट्यांचा मजकूर संपवायचा होता, म्हणून मी उठले आणि दाराची कडी सरकवली. आवाज कमी येतो कडी लावली की. गेले काही दिवस तसंच करते. ती दारात उरल्यासुरल्या टर्कीची आणि मक्याच्या पावाची ताटली घेऊन उभी होती. तिने बघितलं.

मग म्हणाली, “व्हर्लीन, आतून कुणीतरी वाजवतंय, आणि तू कडी लावतेस?”

मी म्हटलं, आत कुणी नाही.

ती म्हणाली, “मग लावतेस कशाला?”

ताटली ओट्यावर ठेवून निघून गेली. मला ‘बाळ’ म्हणाली नाही.

१० डिसेंबर

हिवाळ्यासाठी संग्रहालय बंद. मिस ऑर्फा डेटनला लेकीकडे गेली, वसंतात येईल किंवा येणारही नाही, असं म्हणाली. जाताना किल्ली टेबलावर आपटली. जाऊ दे. एका गाइडपायी इतिहास थांबत नाही.

घरात मी एकटी. नदीच्या कडेला बर्फ धरायला लागलंय.

कडी मी आता काढत नाही. उघडलं की ऊब बाहेर येते, सगळ्या स्वयंपाकघरात पसरते, आणि मग मला कुणीतरी पाठीमागे रांगेत उभं आहे असं वाटत राहतं. अगदी शिस्तीत. आपली पाळी येईल म्हणून.

हे मी लिहितेय, मी! माझंच मला हसू येतं.

१५ डिसेंबर

दुपारी ठोठावणं थांबलं. बरं वाटलं. मग आतून कुणीतरी लहान पोराला गप्प करताना करतात तसं — श्श — श्श —

मी गाडी घेऊन गावात गेले, चार माणसांत बसले, बेचव सूप प्यायले. परत यायला नको वाटत होतं. आले. जाणार कुठे? पाट्या अर्ध्याच झाल्यात. आणि घाबरून पळाली म्हणून हॉलिस हसला असता. ते मला चालणार नाही.

१८ डिसेंबर

हॉलिस आले होते. सकाळीच, हातात झाकलेलं भांडं. हॅमचं हाडूक घातलेलं घेवड्याचं सूप, सोबत मक्याचा पाव, स्वतः केलेला. स्वयंपाकघरात बसले, हातमोजे काढले, आणि म्हणाले की महिनाभर झोप नाही. माझं बरोबर असणार. लहानपणी त्यांच्या आजोबांनीही त्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण स्वतः एकदा ते ओरखडे हात लावून बघतो आणि मग वसंतात माझ्या शेजारी उभं राहून सगळं कबूल करतो, असं म्हणाले.

विरघळला म्हातारा! इतक्या सहज! मी दोन वाट्या सूप प्यायले. त्यांनीच वाढलं. मनात म्हटलं, व्हेटस्टोनांचा अभिमान घेवड्यापेक्षा लवकर शिजतो. ते आता चहा घेतायत, मी मघापासूनचं एवढं टिपून घेतलं. मापंही हवीत म्हणतात, तर वही बरोबरच घेते. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून मी आधी आत जाऊन दिवा धरायचा, ते मागून येतील.

त्याच दिवशी

कडी लावली.

त्याने कडी लावली. मी आत, पाठमोरी, ओरखड्यांवर मोबाइलचा उजेड धरून — आणि मागे ते लोण्यासारखं सरकणं. तेल मीच दिलं होतं.

मी हसले आधी. म्हटलं, मिस्टर व्हेटस्टोन, पुरे. तो दाराला तोंड लावून बोलला, त्याच हळू आवाजात. म्हणाला, त्याला वाईट वाटतं. म्हणाला, घराण्याचं नाव माणसापेक्षा मोठं असतं, मी शिकलेली आहे, मला कळेल. सूप आवडलं का, असंही विचारलं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. वाट्या धुतल्या. नळ बंद केला. बाहेरचं दार.

मोबाइलला रेंज नाही. जाड भिंती.

फळ्यांना लाथा मारल्या. खांदा मारला. ओरडले. रस्त्यावर ऐकायला आहे कोण? सगळं गाव चुलीपाशी.

नंतर

मोबाइल संपला. दाराखालच्या फटीतून उजेड येतो. त्यात वही धरते.

मी दाराची आतली बाजू बघितली होती. मला माहीत होतं. सगळ्या जगात मला एकटीला माहीत होतं, आणि मी आपल्या पायांनी —

नंतर

एकटी नाही.

आधी ऊब. मग खांद्याला खांदा. इथे एका माणसाला हात पसरता येत नाहीत आणि इथे — किती जण — मी अंग आकसून घेतलं. किंचाळले. कुणी काही केलं नाही. नुसती उभी आहेत. ओली आहेत. कुणाचेतरी दात वाजतात.

उजेड गेला. पुन्हा आला. म्हणजे उद्या झाला.

घसा बसलाय. फळी नखांनी — मीही नखांनीच —

मी खाली बसले तर सगळी सरकली. जागा दिली. फटीजवळची. सगळ्यांत चांगली जागा, हवा येते, उजेड येतो. दिसतंय त्यांना, की मी लिहितेय. एक लहानसं पोर होतं तिथे. त्याला कुणीतरी उचलून कडेवर घेतलं, माझ्यासाठी.

मी यांना काय काय म्हटलं. इथेच लिहिलंय, मागच्या पानांवर. उजेडात धरायला नको ती पानं.

उजेड गेला. आला.

तहान. भिंत चाटते. चुना.

एक हात माझ्या हातात आहे. बारीक, राठ. कधी धरला कळलं नाही. सोडत नाही. मीही नाही.

कुणी बोलत नाही. मी विचारलं, नाव काय तुझं. श्श — केलं फक्त. रागाने नाही. मला अजून शिकायचंय, तसं.

उजेड

थंडी वाढली. नदी गोठली असेल. वाटतं चालत येतील आता, होडी नको —

कोण? कोण येतील? मी काय लिहितेय —

पावलं! स्वयंपाकघरात पावलं! मिस ऑर्फा असेल. डेटनहून परत — किल्ली टाकून गेली पण — किंवा हॉलिसला लाज —

मी ओरडले. होता नव्हता तेवढा आवाज काढून. इथे! आम्ही इथे आहोत! दाराच्या मागे! आम्ही —

आम्ही म्हटलं मी.

सगळे श्वास एकदम थांबले. हातातला हात निसटला. सगळी मागे सरकतायत, भिंतीला, भिंतीच्या आत, आणि ते पोर रडायला लागलंय आणि त्याची आई — मी काय केलं हे — मला माहीत नव्हतं, बाई गं, मला खरंच —

बरीच पावलं. जड बूट.

कडी सरकतेय.

बाहेर कुत्री भुंकतायत. हॉलिसकडे कुत्रं नाही. हॉलिसकडे कधीच कु